दारातल्याक आधी

आई, गावच्या ओढ्याचं पाणी खालच्या वाडीला न्यायला तुझ्या जमिनीतून पाट काढू दे म्हटलं असतं, तर तू हो म्हणाली असतीस का? कितीतरी दिवस स्वतःला विचारते आहे. आजोबांनी लग्नात तुला दिलेला तो तुकडा. लालबागच्या खोलीत गिरणीकामगारांची खाणावळ चालवताना तुझं निम्मं लक्ष तिकडेच असायचं. गावाहून कुणी परतला की त्याने ट्रंक खाली ठेवायच्या आत तुझा प्रश्न, "माझ्या तुकड्यात कोण शिरलो नाय मा?" एकदा मामाने बांध वीतभर सरकवला, तर भाऊबीजेला तू त्याला ओवाळलंस, पण बोलली नाहीस. हे आठवलं की वाटतं, तू नाहीच म्हणाली असतीस.

आणि मग खाणावळ आठवते. मी लहान आहे, तू पहिल्यांदाच माझ्या हातात कालवणाचं पातेलं दिलं आहेस. मी चुलीजवळून वाढत निघते, तेच सोयीचं. दाराशी पोचेपर्यंत बांगडे संपतात, नुसता रस्सा उरतो, आणि तिथे बसलेला असतो गिरणीतून सगळ्यांत शेवटी आलेला माणूस. तू सर्वांसमोर ओरडतेस, "दारातल्याक आधी वाढूचा! चुलीकडचो काय, बोंब मारून मागतलो." चुलीकडचा एक म्हणतो, "वयनी, आमी बोंब मारूची की जेवूचा?" "आधी हात धू," तू म्हणतेस. तुझ्या ताटात त्या दिवशी बांगडा नव्हता, तो दारातल्याच्या ताटात गेला होता.

तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते. आता बी.ए. झाले, दादरच्या शाळेत शिकवते. खाणावळ शेजारच्या मावशीने घेतली, पण गावच्या मंडळाची बैठक अजून तिथेच भरते, आणि शिकलेली म्हणून हल्ली मलाही बोलावतात. सगळीकडे सध्या एकच विषय आहे, मुंबईसह महाराष्ट्र. हीच माणसं मोर्चाहून घसा बसवून येतात आणि जेवता जेवता राज्य कसं चालवायचं ते ठरवतात. मलाही ते राज्य हवं आहे, अगदी मनापासून. पण त्या दिवशी विषय ओढ्याचा होता. पाऊस सरला की ओढ्याला बांध घालायचा, पाट खणायचा, म्हणजे भाताचं दुसरं पीक निघेल. खालच्या वाडीतले मात्र खणायला तयार नव्हते. "वरचे भिजवतले, आणि आमच्याकडे येयपर्यंत पाट सुकतलो," त्यांच्यातले एक आजोबा म्हणाले. मी म्हटलं, "पाणी शेवटच्या शेतापासून द्यायचं. ते भिजलं की मग वरचं." मग आजोबाच म्हणाले, "म्हणजे दारातल्याक आधी!" आणि सगळी खोली हसली. तुझी आठवण त्या लोकांना अजून आहे, आई.

तेवढ्यात मामा उठला. पाटाला उतार मिळेल अशी जागा एकच, तुझा तुकडा. "माझ्या भयणीचो तुकडो आसा तो. शिकलस म्हणान आवशीची जमीन वाटूक निघालस?" बांध सरकवणारा हाच मामा, पण त्याचा आवाज खरोखरच कापत होता. मला राग आला नाही. "विचारून सांगते," एवढंच मी म्हणाले, आणि कुणाला ते न विचारता तो खाली बसला.

ते विचारायलाच हे लिहायला घेतलं. पण नाताळच्या सुट्टीत मी गावी जाऊन आले आहे. तुझ्या तुकड्यात पहिली कुदळ मीच मारली. दुसरी मामाने. पाट कडेकडेने नेला, मधली माती तुझी तशीच आहे. पाणी सर्वांत खालच्या शेतात पोचलं तेव्हा तिथून जी आरोळी उठली ती वर ओढ्यापर्यंत ऐकू आली. आधी विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस तरी मी ऐकलं नसतं.