बापूंच्या गॅरेजमधली कोंबडी

पाचगणी. मंगळवार संध्याकाळ, पौष, १९७३

त्या कोंबडीचा तुरा डोळ्यांपुढून हलत नाही. सकाळी बापूंच्या गॅरेजमध्ये मेलेली सापडली. अंगावर ओरखडा नाही, तुरा मात्र लालभडक; थंडीनं मेलेलीचा काळानिळा पडतो. बापू म्हणाले, थंडीनं मेली. काकूंनी रस्सा केला. मीही दोन वाट्या ओरपला, खोटं कशाला लिहू?

जतला निघालेला मी, आठवडाभर यांच्या ओसरीवरच पडलोय. रोज पहाटे गवतावर दव गोठतं, जीप तापायला अर्धा तास घेते. बापू दार लावून, फटींत पोती कोंबून, इंजिन चालू करून आत विडी ओढत बसतात. बाहेर येतात ते डोकं धरूनच.

जेवताना म्हटलं, "आवं बापू, धुरानं मेली असंल. दार उघडं ठेवा."

"अठरा वर्षं फौजेत बर्फात गाड्या तापवल्या. तुला सायकल तरी येती का रं?"

काकू हसल्या. मीही हसलो. फौजेतल्या गाड्या उघड्यावर असायच्या, हे आत्ता लिहिताना सुचतंय.

मघाशी गुपचूप पोती काढून आणली, अंथरुणाखाली घातली. लगेच बापूंचा आवाज आला, "पोती कुठं गेली गं? असू दे, घोंगडं लावतो. उद्या थंडी लय पडणार."

परत सांगितलं तर परत हसतील. पहाटे त्यांच्या आधी उठून दारातच उभं राहायचं, दार लावूच द्यायचं नाही.

पण आठवडाभरात मी एकदाही त्यांच्या आधी उठलेलो नाही.