बोलावणं तुमचं, स्वयंपाक माझा

अहो,

'प्रिय' लिहिणार होते, पण आधी मला तुमच्याशी भांडायचं आहे. काल शनिवार, आपला शब्बाथ; काम करायचं नाही, म्हणून लिहिता आलं नाही. आज रविवार. तुमचे भाऊ मोझेस भावजी आत्ताच ठाण्याच्या गाडीला गेले आणि ओट्यावर परवा रात्रीची भांडी तशीच पडली आहेत. ती घासण्याआधी हे लिहून टाकते, नाहीतर सगळा राग भांड्यांवर निघेल आणि तुमच्या आईंच्या पितळी पातेल्याला पोचे येतील.

माणूस गेल्यावर तरी त्याचे पाहुणे थांबतात की नाही? तुमचे नाही थांबले!

सोमवारी फोन आला. एक बाई म्हणाल्या, "ताई, आम्ही नामपूरचे. दवाखान्यात साहेबांच्या शेजारच्या खाटेवर आमचे हे होते. साहेबांनी आम्हाला शुक्रवारी जेवायला बोलावलंय. येऊ ना?"

साहेब गेले, हे त्यांना माहीत होतं. तरी विचारत होत्या. मी "या" म्हटलं. फोन ठेवते तोच वॉर्डातल्या सुनीता सिस्टरचा फोन. पेठकडची ती हसरी पोरगी. "काकू, मला पण बोलावलंय काकांनी. शुक्रवारी सुट्टी घेतलीये." आणि मोझेस भावजी त्याच आठवड्यात येणार, हे आधीच ठरलेलं.

सलाईन लावलेल्या हाताने माणसं जेवायला बोलावत होतात? कमाल आहे तुमची!

तुम्ही गेल्यापासून शुक्रवारचं माझं सोपं चाललं होतं. संध्याकाळी दोन मेणबत्त्या लावायच्या, प्रार्थना म्हणायची, दूध-पोहे खायचे आणि आडवं व्हायचं. कुणाला विचारायचं नाही, काही निवडायचं नाही.

पाहुण्यांसाठी किती करावं लागतं, हे तुम्हाला कधी समजलंच नाही. सिन्नरहून येताना एकदा जीप बंद पडली, तर ड्रायव्हरसकट जीपमधली सगळी माणसं घरी घेऊन आलात. आठवतं? दोघांपुरतं बिरडं होतं. मी कढीत पाणी ओतत होते आणि तुम्ही बाहेर सांगत होतात, "आमच्याकडे शुक्रवारी असाच भरपूर स्वयंपाक असतो!" पाहुणे गेल्यावर मी आणि तुम्ही चटणी-चपाती खाल्ली. तुम्ही तीही कौतुकाने खाल्लीत, म्हणून मला आणखीच राग आला होता.

तर परवाचा बेत. आपल्या यहुदी पद्धतीने कापलेलं मटण नाशकात मिळत नाही, मुंबईहून बर्फात घालून आणावं लागतं. म्हणजे मटण बाद. मग मासे करावेत म्हणून नामपूरच्या बाईंना फोन केला. "आम्ही दोघं माळकरी, ताई." संपलं! तेवढ्यात भावजींचा फोन.

"वहिनी, शुक्रवारी ती नारळाच्या दुधातली आंबट माशांची कढी करा हं."

"मासे करणार नाहीये, भावजी."

"शब्बाथला मासे नाहीत? दादाच्या घरी?"

"माळकरी माणसं यायचीत."

"मग वेगळ्या पातेल्यात करा की."

"पातेलं वेगळं करीन. वास कुठे वेगळा ठेवू?"

भावजींनी फोन ठेवला. इस्राएलला मुलाकडे राहून आल्यापासून ते धर्माच्या नियमांत फार कडक झाले आहेत. माझे चमचेसुद्धा पारखून घेतात.

आणि मी विचारणार कुणाला? तुम्ही होतात तेव्हा तरी काय उपयोग होता! काय करू म्हणून विचारलं की पेपरमधून डोकं न काढता, "कर काहीही, तुझ्या हातचं सगळं चांगलं लागतं." जन्मभर हेच उत्तर! एकदा तरी 'वांगी कर' किंवा 'भात नको' म्हणाला असतात, तर किती बरं वाटलं असतं मला.

शेवटी वाल भिजत घातले. मोड आल्यावर सोलत बसले, तेव्हा तुमच्या फोटोकडे बघून जे जे बोलले ते इथे लिहीत नाही. बिरडं, नारळाच्या दुधातली कढी, पण माशांऐवजी शेवग्याच्या शेंगा घालून, बटाट्याची सुकी भाजी, भात, चपात्या. मांसाबरोबर दूध आपल्यात चालत नाही; मांस नव्हतं म्हणून गोडात दूध चालणार होतं, तेवढा एकच दिलासा. शेवयांची खीर केली. जेवणाआधीच्या किद्दुशच्या प्रार्थनेसाठी काळ्या मनुका भिजवून सरबत केलं. सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो, त्याच्या आत गॅस बंद करायचा, म्हणून दुपारपासून नुसती धावपळ. हाताखाली कुणी नाही.

भावजी उन्हं उतरताना पोहोचले. मेणबत्त्या लावल्या आणि बेल वाजली. नामपूरचे नाना दारात. कुशीतली ऑपरेशनची जखम अजून दुखत असताना एवढ्या लांबून आलेले, आणि मागे त्यांच्या पत्नी, रिक्षावाल्याकडून कांद्याची गोणी वर घेऊन आलेल्या. गोणी, अहो! इंदिरानगरच्या दोन खोल्यांत मी ती ठेवू कुठे? सुनीता नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी घेऊन आली. भावजी लगेच म्हणाले, "हमोत्सीची प्रार्थना यावर होत नाही. गव्हाची चपाती लागते."

"चपात्या केल्यात, भावजी. बसा तुम्ही."

आणि नाना नेमके तुमच्या खुर्चीवर बसले. त्यांना काय माहीत? भावजी तोंड उघडणार होते. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट्याने किद्दुश म्हणायला उभे राहिले. 'आमेन' म्हणताना त्यांचाच आवाज फुटला.

जेवताना भावजींनी विचारलं, "नाना, दादाने तुम्हाला बोलावलं तरी कधी?"

नानांनी घास खाली ठेवला. "साहेब घरी जायच्या आदल्या दिवशी. म्हणले, नाना, मी काही वाचत नाही. मी गेल्यावर महिना जाऊ द्या, मग शुक्रवारी माझ्या घरी जा. ती एकटीसाठी चूल पेटवायची नाही. पण दारात पाहुणा आला तर तिला राहवणार नाही."

मी सुनीताकडे पाहिलं. ती खाली मान घालून म्हणाली, "डॉक्टरांनी काकांना सगळं सांगितलं होतं, काकू. तुम्हाला सांगू नका म्हणून काकांनीच शपथ घातली."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्याला घट्ट धरून उभी राहिले. तुम्हाला माहीत होतं! घरी आणल्यावर मी पथ्याचं करत होते, उन्हाळ्यात नव्या गाद्या करून घेऊ म्हणत होते, आणि तुम्ही हो-हो म्हणत होतात! परक्या माणसाला सांगितलंत आणि मला नाही? माझ्याशी बोलायला काय झालं होतं? मला रडू आलं असतं, इतकंच ना? रडलो असतो दोघं.

नानांच्या पत्नी मागोमाग आल्या. पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "चिडा ताई, मनमोकळं चिडा. मी बी आमच्या ह्यांच्यावर रोज चिडते." आणि लगेच, "पण कढी भलती गोड शे. पहिले जेवी ल्या."

मी डोळे पुसले आणि बाहेर येऊन जेवले. दोनदा भात घेतला. भावजींनी शेंगा चोखून चोखून कढी संपवली आणि शेवटी म्हणाले, "मासे नव्हते ते बरंच झालं, वहिनी." एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं असेल! नानांनी तुमच्या वॉर्डातल्या गमती सांगितल्या. तुम्ही सुनीताला 'शब्बाथ शालोम' म्हणायला शिकवलं होतंत म्हणे. मी हसले. तुमच्यावर रागावलेली असतानाच हसले.

माफ मात्र केलेलं नाही. कधी करीन, सांगत नाही.

पण शब्द देते. शुक्रवारची चूल विझू देणार नाही. दुसऱ्या मजल्यावर एक शिक्षिका नव्याने राहायला आली आहे, एकटीच. सकाळी जिन्यात भेटली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शुक्रवारी जेवायला या." ती हो म्हणाली. मग मी लगेच विचारलं, "काय खाता, काय खात नाही?" तिने सांगितलं, दोन वाक्यांत. एवढं सोपं असतं हो ते! तेवढं विचारायला तुमचं काय जात होतं?

तुमचीच,
एस्थर