पुसायला लावलेली नोंद

चि. दिपमाला,

दुसऱ्यांच्या चुका निस्तरणाऱ्यांचं काम या डाळमिलच्या ऑफिसात कुणाला दिसत नाही, हे तुझं-माझं जुनं दुखणं. तीन दिवस हे पत्र लिहितोय, पण टपालात टाकायला हात धजत नाही.

कॉम्प्युटरवर कोण काय करतं यावर पाळत ठेवणारा प्रोग्रॅम आला तेव्हा युनियनचा सेक्रेटरी म्हणून गेटवर मीच गरजलो, "हा आपल्या गळ्यातला पट्टा आहे!" टाळ्या पडल्या. मालक नमले.

प्रोग्रॅम काढण्याआधी मॅनेजरांनी मला त्यातली नोंद दाखवली. महिन्यात सुटलेल्या डाळीच्या एकशे वीस गाड्यांपैकी नव्वद गाड्यांचे कागद तू दुरुस्त केले होतेस. चुका तुझ्याबरोबर डिस्पॅचला बसणाऱ्या लखनच्या. "दिपमाला, बघ गं जरा, हे मशीन तुझंच ऐकतं," म्हणत तो चहाला जायचा.

मॅनेजर म्हणाले, "नवलभाऊ, हिलाच डिस्पॅचप्रमुख करू. पण नोंदीशिवाय मालक ऐकायचे नाहीत. ठेवू का?"

मी म्हणालो, "पुसा." नाहीतर माझंच भाषण खोटं पडलं असतं.

लखन प्रमुख झाला. तू राजीनामा देऊन पारोळ्याला गेलीस. सुपडूआबा फोनवर म्हणाले, "मन्ही पोर बठ्ठं काम करस, हाई कोणलेच कसं दखायनं नही?" तुझं ते सगळं काम मला दिसलं होतं. पण मी तुझ्या वडिलांनाही ते सांगितलं नाही.

पाळतीच्या विरोधात मी आजही आहे. पण तुझ्या कष्टाची नोंद तुला न विचारता पुसायला लावणारा मी कोण?

राजीनामा अजून मंजूर झालेला नाही. सोमवारी अकराला मिलमध्ये ये, आणि सगळ्या कामगारांसमोर मला विचार, "भाऊ, माझी नोंद का पुसायला लावलीस?"

तुझा मावसभाऊ,
नवल