चोरओटी

३ नोव्हेंबर, दिंडोरी

आलो बाई एकदाचे! हर्षलला वायनरीत नोकरी लागली आणि नाशिकच्या त्या खुराड्यातून माझी सुटका झाली. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीतून नजर जाईल तिथवर द्राक्षबाग. खाली घरमालकीण नवसाबाई एकट्या राहतात. साठीच्या, विधवा, बोलायला गोड. तेजस्विनी हे नाव जिभेला जड जातं म्हणून पहिल्याच दिवशी माझी 'तेजी' झाली. मीही मावशी म्हणायला लागले. अडचणीचे चार दिवस सोडून रोज तुळशीला पाणी घालायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मनात हसू आलं, पण म्हाताऱ्या माणसाशी कोण वाद घालणार! दोन वर्षांची निकिता सध्या माझ्या आईकडे इगतपुरीला आहे. घर लागलं की आणायची.

१२ डिसेंबर

माझ्याआधी मावशींना कळलं. "महिनाभरात तुळशीला एक खाडा नाय. तेजे, गोड बातमी हाय." मी हसण्यावारी नेलं, मग चाचणी केली. दोन रेघा. तांबी बसवलेली असून!

निकिताच्या बाळंतपणात माझं हृदय कमकुवत झालं. पुन्हा दिवस गेले तर जिवाशी गाठ आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हर्षल आणि मी ठरवलं. गर्भ ठेवायचा नाही, निकिताला आई हवी. खूप रडले, पण ठरलं.

१९ डिसेंबर

इथल्या डॉक्टरीणबाईंनी हात वर केले. पहिली मुलगी आहे हे ऐकताच त्यांचा चेहराच बदलला. कायद्यात बसतं, हे त्याच म्हणाल्या. पण उद्या तपासणी आली तर मुलगी होती म्हणून पाडलं असंच धरतील, दवाखान्याला सील लागेल. चोर सोडून संन्याशाला फाशी! लिंग कळायलाही अजून अवकाश आहे हो. नाशिकच्या एका मोठ्या रुग्णालयाने ५ जानेवारी दिली. तोवर हृदयाच्या तपासण्या.

२८ डिसेंबर

भीड भिकेची बहीण, दुसरं काय. मावशींनी गल्लीतल्या बायका बोलावल्या आणि माझी चोरओटी भरली. तिसऱ्या महिन्यात, पुरुषांच्या नकळत, बायका-बायकांतच भरतात ती. विधवेने भरू नये म्हणून मावशी मागे उभ्या राहिल्या आणि शेजारच्या कुसाबाईंना नारळ, तांदूळ, हिरवा खण घालायला सांगत होत्या. मांडलेल्या पाटावरून नाही म्हणून उठायचं कसं? पदर पसरला. कुसाबाई म्हणाल्या, ओटी घेतली की लेकरू एकटीचं राहत नाय, समद्या गल्लीचं व्हतं.

सगळ्या गेल्यावर मावशी वाकल्या आणि माझ्या पोटाशी कुजबुजल्या, "आलीस का गं, भागे?"

भाग्यश्री त्यांची एकुलती एक लेक. दोन मुलींवर तिसरीही मुलगीच निघाली म्हणून सासरच्यांनी बागेतल्या शेडमध्ये चोरून गर्भ पाडला. रक्त थांबलंच नाही. कुसाबाईंनी सांगितलं. फार वाईट वाटलं. भीतीही वाटली.

४ जानेवारी

बॅग भरताना मावशींनी पाहिलं. हृदयाचं, निकिताचं, सगळं सांगितलं. त्या डोळे पुसत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, भागीच्या सासरचे पण तब्येतीचंच कारण सांगत व्हते.

५ जानेवारी

मावशींनी तक्रार केली. मुलगी आहे म्हणून पाडतेय अशी. सकाळीच आरोग्य खात्याची जीप दारात, चौकशी. गर्भलिंग कुठे तपासलं? तपासलंच नाही, किती वेळा सांगू! दुपारी रुग्णालयाचा फोन. तारीख रद्द. कोर्टाची लेखी परवानगी आणा, मग बघू.

माझं शरीर, माझा जीव, आणि सही कोर्टाची. संताप होतोय.

१३ जानेवारी

हर्षल वकिलाकडे मुंबईला. पायांवर सूज, जिना चढताना धाप. मोबाइल मावशींनी नेला, बाळाला लहरी बाधतात म्हणे. हर्षलचा फोन आला की तेजी झोपलीय म्हणून त्याच सांगतात. जिन्याच्या दाराला बाहेरून कडी. तुपातला शिरा मात्र दोन वेळा येतो.

१७ जानेवारी

खिडकीतून ओरडले. बागेत फवारणीचा ट्रॅक्टर, कोणाला ऐकू जाणार? कुसाबाईंनी वर पाहिलं. मी हात जोडले. त्यांनीही जोडले. आत गेल्या.

१९ जानेवारी

आडवं झालं की गुदमरते. बसूनच लिहितेय. मावशी उशाशी असतात — माझ्याशी बोलत नाहीत, पोटाशी बोलतात. हिरव्या बांगड्या भरल्या. हात सुजलेत, निघत नाहीत —

२१ जानेवारी

खोकल्यात गुलाबी फेस. त्यांना दाखवला. डॉक्टर बोलवा म्हटलं. घाबरल्या — पहिल्यांदाच. मग मान हलवली. डॉक्टरच्या नावानंच नेली व्हती तिला —

मला निकिता —

२२ जानेवारी

हर्षल खाली. त्याचाच आवाज. परवानगी मिळाली — गाडी आणलीय — ओरडतोय —

मावशींनी आतून कडी घातली. माझ्या पोटावर हात. "मागल्या टायमाला न्यायला आले तवा मीच दार उघडलं व्हतं, भागे. आता नाय."

आवाज फुटत नाही — दारावर धक्के —

हर्षल, तोड — मी अजून