अकरा लाल चौकोन

भाईंदर (पश्चिम)

चि. नीरज यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू आणि सूनबाई खुशाल असालच. (अपमान सगळा माझ्या वाट्याला आलाय, तुम्हाला काय व्हायचंय?) माझ्या रक्तदाबाची चौकशी करू नकोस.

आमच्या सोसायटीला मेंटेनन्सचा प्रोग्राम तू फुकटात करून दिलास, तेव्हा पेढे मीच वाटले होते. ते घशात अडकले. रविवारी वार्षिक सभेआधी सेक्रेटरी परागने त्यातून गेल्या वर्षाची महिनावार यादी काढून बोर्डावर लावली. पैसे आले तो महिना हिरवा, नाही आले तो लाल. मी अख्ख्या वर्षाचा चेक एप्रिलमध्येच देते, तुला ठाऊक आहे. (तुझे आतोबा गेले त्या वर्षीसुद्धा चुकले नाही.) तुझ्या यंत्राने ते सगळे पैसे एकट्या एप्रिलच्या पदरात टाकले आणि पुढचे अकरा महिने मला लाल केलं. पराग दर महिन्याला चोवीसशेपैकी पाचशे टेकवतो, त्याचे बाराही चौकोन हिरवेगार! खालचा लेस्लीही लाल. उत्तनला त्याची बोट आहे. पावसात काही देत नाही, बोट सुटली की मागचं सगळं एकदम देतो. मला म्हणाला, "आत्या, पावसात बोट बंद हाय, हे कॉम्प्युटरला कळत न्हाय." आणि सुके बोंबील दिले. थकबाकीदारांत एवढी तरी माणुसकी असते.

थकबाकीदाराला मत नाही, म्हणून सभेत मला हात खाली करायला लावला. अठरा वर्षं खजिनदार होते मी! पावती दाखवली तर पराग म्हणतो, "काकू, सिस्टिममध्ये रेड दाखवतंय, मी काय करू?" आता सेक्रेटरी तोच आणि खजिनदारही तोच झालाय. घरी येऊन मी रडले, खोटं कशाला सांगू.

तेव्हा बाबा, पैसे कधी आले एवढंच बघू नकोस. कुठल्या महिन्यांसाठी आले आणि पुरते आले का, तेही यंत्राला बघायला शिकव.

तुझी,
अनसूयाआत्या

ता. क. : यंदाचा एप्रिलचा चेक मी दिलेलाच नाही. ते अठ्ठावीस हजार आठशे तुझ्या वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले. तुला कळू द्यायचं नाही, अशी दादाने शपथ घातली होती, ती आज मोडली. पुढच्या यादीत माझे बाराही चौकोन लाल असतील आणि या खेपेस तुझं यंत्र खरं बोलेल.

ता. क. २ : पैसे परत पाठवशील ना? प्रोग्राम दुरुस्त करायला सवड नसेल तर एकदम पाठवू नकोस. दर महिन्याला पाचशे पाठव, मी तेवढेच भरेन. हिरवी तरी दिसेन.