मॅडमची रेकॉर्ड आणि मेमधलं ऊन

१४ एप्रिल १९३५, रविवार
विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाच्या बंगल्यावर लिलाव. ग्रामोफोनची रेकॉर्ड घेतली. गाणारी कुणी मॅडम. आवाज सोप्रानो, म्हणजे बायकांतली सर्वांत वरची पट्टी. दीडशे वर्षांपूर्वीचं चर्चमधलं स्तोत्र, भाषा लॅटिन. अर्धं मिनिट वाजवून दाखवली. तेवढ्यात मला वेस्टर्न म्युझिक समजलं.
घरात ग्रामोफोन नाही. किरकोळ अडचण.

१७ एप्रिल
आपल्या मराठी मंडळाला संगीत शाखेसाठी सेक्रेटरी हवाय. माझ्याशिवाय आहे कोण? अध्यक्ष विष्णुपंतांना सांगितलं, ५ मेला मंडळाच्या ग्रामोफोनवर रेकॉर्ड वाजवून लेक्चर देतो. ते अच्छा म्हणाले. नेमणूक झाल्यातच जमा.

२१ एप्रिल
वसुधा स्वयंपाक करताना अभंग म्हणते. तिला समजावलं, लेक्चरची तयारी चालू असताना घरगुती गाणं नको, कान बिघडतात. तेव्हापासून अभंग बंद. बायकोला संगीताची समज येऊ लागली आहे.

२८ एप्रिल
घर फार शांत. तरी तयारी होत नाही. उकाडा.

३ मे
आई म्हणाली, चर्चचं गाणं घरात काहून आणलं? नर्मदेचं पाणी तरी शिंपड. नुसतं शिंपडायचं कशाला? रेकॉर्डला चक्क आंघोळ घातली आणि गच्चीवर पापडांच्या रांगेत वाळत ठेवली. वसुधा म्हणाली, ऊन कडक आहे. म्हटलं, पापडातलं तू बघ, संगीतातलं मी बघतो.
संध्याकाळी: पापड उत्तम. रेकॉर्डच्या कडा जरा वर आल्यात. वाजताना बसतील.

६ मे
नाही बसल्या. माझी कालची प्रस्तावना मात्र अप्रतिम, पाऊण तास. मग सुई ठेवली, घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. मॅडम एकदाच किंचाळल्या. पहिल्या रांगेतून शेजारचे भाऊराव म्हणाले, ही बाई काहून ओरडून राहिली? त्यापेक्षा वहिनींना म्हणा ना गायला, किती दिवसांत आवाज नाही आला.
वसुधाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने अभंग म्हटला. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मला रुमाल काढावा लागला. रेकॉर्ड गेल्याचं दुःख असणार.

१२ मे
विष्णुपंत स्वतः घरी आले. वाटलंच होतं. संगीत शाखा वसुधाकडे. दर रविवारी तिचं गाणं. मलाही पद आहे: तंबोरा नेण्या-आणण्याला जबाबदार माणूस हवा म्हणाले. लगेच होकार दिला.
रेकॉर्डमध्ये आई चिमण्यांना दाणे ठेवते. पाणी राहत नाही, मधे भोक आहे.
वसुधाला सहज म्हटलं, स्वयंपाक करताना पूर्वीसारखं म्हणत जा की. ती म्हणाली, नको, तुमचे कान बिघडतील.
आता रविवारपर्यंत थांबायचं.