गल्लीतल्या क्रुसापुढे

आई,

नेपल्सहून ॲमंडाचा नमस्कार. फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून पत्र.

मी बरी आहे. जिची देखभाल करते ती म्हातारी प्रेमळ आहे. तुझे गुडघे कसे आहेत? बोंबील वाळत घालायला कुणी येतं का मदतीला?

तू विचारलंस, "प्रार्थना करतेस का न्हाय?" करते. म्हातारीचे कपडे धुताना देवाशी हळू आवाजात बोलते. असं एकटीने त्याच्याशी बोलता येतं, हे आपल्या पाली गावात मला माहीतच नव्हतं.

लग्नाआधी मला दिवस गेले, ते फक्त तुला सांगितलं होतं. तू मे महिन्यात क्रुसापुढे, सगळी गल्ली रोझरीची माळ जपायला जमली असताना, माझं नाव घेऊन माझ्या पापाची क्षमा मागितलीस. अख्खी गल्ली म्हणाली, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." दुसऱ्या दिवशी मोझेसच्या घरच्यांनी आमचं ठरलेलं लग्न मोडलं.

आता मीही रोज तुझं नाव घेते. देवाला सांगते, आईला भरपूर आयुष्य दे, पण तिला माझं तोंड दिसू देऊ नकोस. "ऐक" म्हणायला इथे गल्ली नाही. तरी तीन वर्षं तो ऐकतोय.

गोळ्या वेळेवर घे. खूप जगायचंय तुला.

तुझीच,
ॲमंडा